दोन बोटं माया

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला लग्नासाठी पाहिलेले सहा ड्रेस एकामागून एक घालून दाखवलेस. दुकानातल्या त्या खोलीत तीन बाजूंना आरसे होते. तू म्हणालीस, इथे प्लस साइझचं वेगळं दालन असतं, तिथल्या बायका फार चांगल्या आहेत. मग फोन तोंडाजवळ आणून हळूच विचारलंस, “आजी, खरं सांग, यातल्या कुठल्या ड्रेसमध्ये मी कमी जाड दिसते?” तुझा भाऊ मागून ओरडला, “दुकानाच्या बाहेरून बघितलं तर सगळ्यांत!” तू त्याला हातातली चप्पल फेकून मारलीस आणि आपण तिघंही हसलो. त्या हसण्याच्या भरात मी बोलून गेले, “लांब बाह्यांचा घे. आणि अजून तीन महिने आहेत.”

तू हसायची थांबलीस. “तीन महिने कशासाठी, आजी?” असं विचारलंस. मी काहीतरी सारवासारव केली आणि फोन ठेवला.

ते तीन महिने कशासाठी, हे आज तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि तुम्हाला वाचायलाही तीच भाषा सोपी जाते. तरी हे मराठीतच लिहिते, कारण यात एक शब्द आहे, तो इंग्रजीत नेता येत नाही. शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतो. पुढे माणूस भरलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. “माया किती ठेवू?” असं शिंपी विचारतो, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा. पण हे त्यांनाही माहीत नाही.

गोष्ट तुमच्या आत्याच्या लग्नाची आहे.

त्या लग्नाला तुम्ही येऊ शकला नव्हता, तुमच्या परीक्षा होत्या. व्हिडिओ मात्र पाहिला होता. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. तू फोनवर विचारलं होतंस, “आजी, हार घालताना आत्या हात वर का करत नाही?” मी म्हणाले होते, तिचा खांदा दुखत होता. तिचा खांदा दुखत नव्हता.

आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा माझे वडील ऐन तरुण होते. ते पुढे कचेरीत शिपाई झाले. नोकरीवर जाताना पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट. घरात इस्त्री नव्हती तेव्हा तांब्यात निखारे घालून त्या तांब्याने ते स्वतः कपडे इस्त्री करायचे. आम्हा बहिणींचेही. ते सांगायचे, “आपल्या कपड्यावर बोट ठेवायला कोणाला जागा नको.” बोट ठेवणारे लोक त्यांनी फार पाहिले होते. मी कॉलेजात गेले, इंग्रजी शिकले, शाळेत लागले, पण ते वाक्य माझ्या अंगावरून कधी उतरलं नाही. माझ्या साडीला पिन कुठे लागते, हे आजही मोजून ठरलेलं असतं.

आणि आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. तू तिकडच्या चालीप्रमाणे पांढरा ड्रेस घेते आहेस, तो आपल्याही चालीत बसतो.

तुमची आत्या तुमच्या आजोबांवर गेली. थोराड हाड, भरलेलं अंग. तूही त्यांच्यावरच गेलीस. मी काडी. ती चौदा वर्षांची असताना तिला शाळेचा ड्रेस शिवायला शिंप्याकडे घेऊन गेले होते. दुकानात सहा-सात बायका बसलेल्या. शिंपी टेप लावून आकडे मोठ्याने सांगत होता आणि त्याची बायको वहीत लिहीत होती. आत्याच्या छातीचा आकडा त्याने सांगितला, तशी बायको म्हणाली, “कितीऽ? पुन्हा सांगा.” त्याने पुन्हा सांगितला, आणखी मोठ्याने. सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. एक म्हणाली, “खाऊन पिऊन सुखी हाय वो मास्तरीणबाईची पोरगी.” त्या हसल्या, वाईट हेतू नव्हता कोणाचा. तुमची आत्यासुद्धा हसली. मी मात्र घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. त्यानंतर मी तिला कधीही शिंप्यासमोर उभी केली नाही. मापाचा ब्लाऊज किंवा मापाचा ड्रेस पिशवीत घालून मीच नेऊन द्यायची.

तिचं लग्न ठरायला वेळ लागला. तिशी आली. तोवर ती सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन झाली होती, तुमचे आजोबा गेले होते, तुमचे बाबा तिकडे परदेशात होते, आणि वाशीमच्या घरात आम्ही दोघीच होतो. पाहायला येणारे लोक चहा पिऊन जायचे आणि मग निरोप पाठवायचे, मुलगी जरा हेल्दी आहे. इंग्रजी शब्दाचा असा उपयोग मी शाळेत कधी शिकवला नव्हता. शेवटी रिसोडचं स्थळ आलं. मुलगा साधा, सहकारी सोसायटीत नोकरीला. त्याने पहिल्याच भेटीत तिला विचारलं की लॅबमध्ये रक्त काढताना हात थरथरत नाही का, आणि ती म्हणाली, “दुसऱ्याचं असतं ना, मग नाही थरथरत.” तो खूप हसला. ठरलं.

मग बस्ता. लग्नाचे कपडे दोन्ही घरचे लोक मिळून घेतात, त्याला इकडे बस्ता म्हणतात. वाशीमच्या एका मोठ्या दुकानात आम्ही चौघी गादीवर बसलो. मी, तुमची आत्या, तिची होणारी सासू आणि नणंद. नवरीची साडी आणि ब्लाऊज नवऱ्याकडचे करणार होते. दुकानदाराने एक नजर तुमच्या आत्याकडे टाकली आणि रुंद चांदीच्या काठाच्या, कडक टिश्यूच्या साड्या काढायला लागला.

“हे पाहा ताई, तब्येतवाल्याइले हेच शोभते. भारी माल. सारं झाकून घेते.”

नणंदेने त्यातली एक उचलली. “मस्त हाय. फोटोत चमकन.”

तुमच्या आत्याने त्या साडीचा काठ बोटांत धरून पाहिला आणि सोडला. मग उठून मागच्या मांडणीकडे गेली आणि तिने स्वतः एक साडी ओढून काढली. मऊ क्रेप, मोत्यासारखा पांढरा, दुधासारखा नव्हे. काठ बोटभर, निळा. ती आरशासमोर उभी राहिली आणि पदर खांद्यावरून सोडला. मी तिला त्याआधी आणि नंतरही इतकी नीटस पाहिलेली नाही. कापड अंगावरून सरळ खाली पडलं, कुठे फुगलं नाही. काठ बारीक असल्यामुळे ती उंच दिसायला लागली. ती आरशातूनच म्हणाली, “कडक कापड अंगापासून लांब उभं राहतं, त्यात मी तंबू दिसते. हे माझ्याबरोबर चालेल. बाही कोपरापर्यंत घ्यायची, मागचा गळा लहान. मग झालं.”

दुकानदार म्हणाला, “ताई, पांढऱ्यात माणूस अजून मोठं दिसते. बारीक काठ कायले घेता?”

सासू आतापर्यंत पान चघळत बसली होती. ती म्हणाली, “काहून? नेसणार ते हाय का तू? तिले आवडली तं तेच बांध. पोरगी कशी देवीसारखी दिसून राह्यली.” मग माझ्याकडे वळून विहिणीच्या हक्काने म्हणाली, “नाही का ईनबाई?”

मी हो म्हणाले. हे मुद्दाम सांगते. त्या लोकांनी तिला त्या दिवशी कुठेही कमी लेखलं नाही. साडी योग्य होती. ती तिने स्वतः निवडली होती आणि सगळ्यांना पटली होती.

नणंद म्हणाली, “बाजूलेच टेलर हाय. आताच माप देऊन टाकू, वहिनी. पाच मिनिटाचं काम.”

तुमची आत्या उठलीसुद्धा. पायरीवरून टेलरचं दुकान दिसत होतं. बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. मी म्हणाले, “नको, नको. तुम्ही तुमच्या रिसोडच्या टेलरकडेच टाका. मी मापाचा ब्लाऊज पाठवते.”

नणंद म्हणाली, “बरं, मग उद्या आमचे हे वाशीमले येऊन राह्यले. त्याइच्या हाती पाठवजा.”

संध्याकाळी तुमच्या आत्याने स्वतःच तिचा सगळ्यात नीट बसणारा ब्लाऊज काढला, इस्त्री केला, घडी घातली. एका कागदावर तिच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं, “बाही कोपरापर्यंत. मागचा गळा लहान. दोन्ही बाजूंना माया नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवावी.” कागद टाचणीने ब्लाऊजला लावला, पिशवीत ठेवला आणि सकाळी ड्यूटीवर गेली.

मी ती पिशवी उघडली. ब्लाऊज दोन्ही हातांत उलगडून पाहिला. शेहेचाळीस. मला रिसोडचं ते घर डोळ्यांसमोर आलं. तिथे हा ब्लाऊज असाच उलगडला जाईल. नणंद पाहील, जावा पाहतील, शेजारणी पाहतील. कोणीतरी तो स्वतःच्या अंगाला लावून दाखवेल आणि बाकीच्या हसतील. लेक अजून त्या घरात गेली नाही आणि तिचं अंग दहा जणींच्या हातून फिरेल. मला सहन झालं नाही. कपाटाच्या तळाशी तिचा कॉलेजात असतानाचा एक ब्लाऊज होता. चाळीस. मी तो इस्त्री केला, तिचा कागद काढून त्याला लावला आणि पिशवी नणंदेच्या नवऱ्याच्या हाती दिली. तिचा खरा ब्लाऊज माझ्या साड्यांच्या खाली ठेवला.

माझा हिशेब असा होता, की लग्नाला तीन महिने आहेत. तेवढ्यात ती कमी होईल. राहिलं साहिलं माया उसवून भागेल. कोणाला काही कळणार नाही. ते तीन महिने हे, बाळा.

मी तक्ता केला. मास्तरीण होते, तक्ता करणं मला येत होतं. रेघा आखून, वार घालून, फ्रिजच्या दारावर लावला. सकाळी लिंबूपाणी. दहा वाजता ताक. दुपारी अर्धी भाकर आणि भाजी, भात नाही. चारला काही नाही. संध्याकाळी सूप. तिला सांगितलं, पांढऱ्या रंगात अंग जास्त दिसतं, थोडं तुझ्याच फायद्यासाठी आहे. तिने ऐकलं. ती नेहमीच ऐकायची, हा तिचा गुण मी चारचौघांत सांगत असे.

जेवायला बसलं की मी समोर बसायची. ती भाकरीचा अर्धा तुकडा संपवायची आणि ताटाकडे पाहत विचारायची, “आई, बस झालं?” ती हे प्रश्न म्हणून विचारायची. तीस वर्षांची, पगार मिळवणारी बाई, आणखी एक घास घ्यायचा का हे मला विचारत होती. मी म्हणायची, “बस.”

दुसऱ्या महिन्यात तिचे केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीत गुंता सापडायचा, तो मी गुपचूप काढून टाकायची. एक दिवस लॅबमध्ये ती चक्कर येऊन स्टुलावरून खाली पडली. तिच्या सोबतची नर्स तिला रिक्षाने घरी घेऊन आली. मानोरा तालुक्यातली, तोंडाने फटकळ बाई. ती फ्रिजवरचा तक्ता वाचून मला म्हणाली, “काकू, लगन हाय का उपोषण? कायले उपाशी मारून राह्यल्या पोरीले? नवरदेवानं पाहूनच पसंत केली ना?”

मी म्हणाले, “तिच्या तब्येतीसाठीच आहे.”

“तब्येतीसाठी!” असं म्हणून तिने आत्याला ग्लासभर दूध पाजलं, माझ्या देखत, आणि गेली. मी त्या दिवसाच्या चौकटीत दुधाची नोंद केली. हेही लिहून ठेवते, म्हणजे मी कशी होते ते तुम्हाला कळेल.

तीन महिन्यांत ती शेहेचाळीसवरून चव्वेचाळीसवर आली. गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं. अंग जवळजवळ तिथेच राहिलं.

लग्न वाशीमलाच होतं, हॉलवर. नवऱ्याकडचे लोक कपडे घेऊन आले आणि नवरीच्या खोलीत पेटी दिली. साडी तीच, मऊ, निळ्या काठाची. पार्लरवाली मुलगी केस करून बसली होती. तुमच्या आत्याने ब्लाऊज हातात घेतला आणि घालायच्या आधीच थांबली. तिला नुसत्या नजरेने कळलं. कपड्यांची तिची नजर फार चांगली होती.

“आई, हा माझ्या मापाचा नाही.”

मी म्हणाले, “घालून तर पाहा.”

बाह्या चढल्या, पुढे हुक लागेनात. ती म्हणाली, “त्यांनी माप चुकवलं. मी कागदसुद्धा लिहून दिला होता.” ती नणंदेला बोलवायला निघाली. मी दाराला कडी लावली आणि तिला सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, कारण वेळ नव्हता. पार्लरवाली मुलगी खाली पाहून कंगवा पुसत राहिली.

तुमची आत्या रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे मी तीन महिने ब्लाऊजसाठी उपाशी होते?”

मी ब्लेडने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या. टेलर प्रामाणिक होता, तिच्या कागदाप्रमाणे त्याने माया दोन बोटं जास्त ठेवली होती. तिने लिहून मागितलेली तेवढी माया होती, म्हणून ब्लाऊज अंगावर तरी चढला. ती सगळी मोकळी करून टाके घातले, तरी पुढे दोन बोटं अंतर राहिलंच. मी माझ्या पांढऱ्या परकराची पट्टी फाडली, आतून लावली आणि पार्लरवालीने पिना मारल्या. किती मारल्या माहीत नाही. वरून पदर घट्ट आवळला.

“ताई, हात वर नका करजा,” ती मुलगी म्हणाली. “नाही तं सारं सुटून जाईन.”

बाहेर बुद्धमूर्तीसमोर सगळे बसले. वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या. ती बोलत होती पण तिला पूर्ण श्वास घेता येत नव्हता, प्रत्येक वाक्यात ती मध्येच थांबत होती. मग हार. नवरदेव उंच. तिने दोन्ही कोपरं अंगाला चिकटवून हार जेमतेम छातीपर्यंत उचलला आणि तशीच उभी राहिली. तुम्ही व्हिडिओत पाहिलंत ते हे.

आधी लोक हसले. मित्र ओरडले, “झुक रे, झुक! आतापासूनच सवय लाव!” तो हसत वाकला, पण पुरेसा वाकला नाही, आणि हार त्याच्या फेट्याला अडकला. फोटोवाला म्हणाला, “ताई, हात वर, हात वर.” तिने हात वर केले नाहीत. तिने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. मी बाजूच्या बाईशी काहीतरी बोलायला लागले. शेवटी त्यानेच स्वतःच्या हाताने हार गळ्यात ओढून घेतला. हसणं थांबलं होतं. त्याच्याकडची एक म्हातारी मावशी मोठ्याने म्हणाली, “नवऱ्याले हार घालाले बी हात जड झाले का वो? सरकारी नोकरीचा एवढा तोरा?”

पाठवणीच्या वेळी सासूने मला बाजूला घेतलं. ती रागावलेली नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. “ईनबाई, खरं सांगा. पोरीच्या मनात लगन नव्हतं का? हात काहून नाही उचलला?”

त्या वेळी सांगायला हवं होतं. तिथे दुसरं कोणी नव्हतं. ती बाई ऐकून घेणारी होती, कदाचित हसलीही असती, तिने स्वतः जाऊन लेकीच्या पिना काढल्या असत्या. मी म्हणाले, “खांदा दुखत होता तिचा.”

रिसोडला नवऱ्याने तुमच्या आत्याला तेच विचारलं. तिने खरं सांगितलं, की ब्लाऊज लहान होता. मग दोन घरांत दोन उत्तरं झाली. आई म्हणते खांदा, मुलगी म्हणते ब्लाऊज. नणंद चिडली. “माप तं तुमीच देलं होतं! टेलरनं त्याच मापावर शिवला. मी सोता त्याच्यापाशी उभी राहून पाह्यला.” तिचंही खरं होतं. आत्याने तिला सांगितलं की ब्लाऊज आईने बदलला होता. त्यावर नणंद म्हणाली, “मायवर कायले ढकलते? कोणती माय आपल्या पोरीचं माप खोटं देईन?”

लग्नाला महिना झाल्यावर तुमच्या आत्याचा फोन आला. “आई, तू एकदा त्यांना फोन कर. एवढंच सांग की ब्लाऊज तू बदललास. दुसरं काही नको.”

मी म्हणाले, “लहानशी गोष्ट आहे. विसरतील. आता मी फोन करून ती पुन्हा कशाला उकरून काढू?”

तिने आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी तिला म्हणाले, की तूच तिथे नीट वाग, म्हणजे जुनं कोणी काढणार नाही. त्यानंतर तिने विचारलं नाही.

ब्लाऊजने संसार मोडत नाही, हे मलाही कळतं. दुसऱ्याही गोष्टी होत्या. बदलीचा प्रश्न होता, मूल होत नव्हतं, त्याचे उपचार होते. पण प्रत्येक भांडण शेवटी त्याच जागी यायचं. तिने पगाराबद्दल काही सांगितलं, दवाखान्याच्या रिपोर्टबद्दल सांगितलं, की कोणीतरी म्हणायचं, “माप खोटं देणारे लोक हायत हे. याइचं खरं काय धरायचं?” सासूसुद्धा हळूहळू तसंच म्हणायला लागली. पावणेदोन वर्षांनी तुमची आत्या एक बॅग घेऊन परत आली. मी दार उघडलं. ती म्हणाली, “क्वार्टर मिळेपर्यंत राहते.” दोन महिन्यांत तिला दवाखान्याच्या आवारात क्वार्टर मिळालं. तेव्हापासून ती तिथेच आहे.

तुम्ही सुट्टीत आलात की ती तुम्हाला हॉटेलात नेते, तुमच्याबरोबर पोटभर खाते, तुला आइस्क्रीमचा दुसरा कप घ्यायला लावते. त्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसेल. ती दर रविवारी माझ्याकडे येते. माझ्या गोळ्या आणते, बीपी पाहते, वीजबिल भरते. मी स्वयंपाक करून ठेवते. ती म्हणते, “मी जेवून आले.” माझ्यासमोर ती एक घास खात नाही. कधी चहा घेतला तर कप घेऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहते.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, तिची गोष्ट तिला न विचारता तुम्हाला पाठवणं म्हणजे पिशवीतला ब्लाऊज पुन्हा बदलण्यासारखं होईल. म्हणून या रविवारी कागद तिच्यासमोर ठेवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले, मध्ये थांबली नाही. मी समोर बसले होते, तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना.

वाचून झाल्यावर तिने कागदांच्या कडा जुळवल्या आणि माझ्याकडे सरकवले.

“अडतीस होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तू लिहिलं आहेस चाळीस. अडतीस होतं, आई. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा होता तो. आणि उसवल्यावर अंतर दोन बोटं नव्हतं. मी घातला होता ना.”

मी म्हणाले की मला चाळीसच आठवत होतं. हे खरं आहे. मी मुद्दाम कमी करून लिहिलं नव्हतं, निदान मला तसं वाटत नाही. वरचा आकडा मी दुरुस्त केलेला नाही. तुम्ही दोन्ही वाचा.

तू मला विचारलं होतंस, कुठल्या ड्रेसमध्ये तू कमी जाड दिसतेस. त्याचं उत्तर मी देत नाही. तुझ्या आत्याने मात्र तू नंतर पाठवलेले सहाही ड्रेसचे फोटो माझ्या फोनवर पाहिले. चौथा घे म्हणाली, मऊ कापडाचा, तो तुझ्याबरोबर चालतो. आणि तुला निरोप दिला आहे, माप देताना पोट आत ओढू नकोस, नेहमीसारखा श्वास घेत उभी राहा, आणि शिवणाऱ्या बाईला तो आकडा मोठ्याने सांगू दे.

मग ती उठली. मी म्हणाले, वरण-भात तयार आहे, थोडं खाऊन जा. ती चप्पल घालत म्हणाली, “जेवून आले.” मी दोन ताटं काढून ठेवली होती. त्यातलं एक पुसून परत मांडणीवर ठेवलं.